फासच्या गल्ल्या, ताफिलालतची वाळू आणि प्रवाशाचा पैसा

कोकणातील जुन्या घरांतून टांगलेल्या तसबिरींत वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर लाल, उंच, गोंडेदार टोपी दिसते. तिला आपण तुर्की टोपी म्हणतो. इंग्रजीत मात्र तिचे नाव 'फेझ' आहे, आणि ते नाव तुर्कस्तानातून आलेले नसून उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम टोकावरील मोरोक्को देशातील एका शहराचे आहे. अरबीत त्या शहराला 'फास' म्हणतात. उर्दू वाचणारे मोरोक्कोला 'मराकश' म्हणून ओळखतात, तर तेथील लोक आपल्या देशाला 'अल-मगरिब', म्हणजे मावळतीचा मुलूख, असे म्हणतात.

२०२४ साली या मुलखात १ कोटी ७४ लाख प्रवासी आले. त्यात सुटीसाठी मायदेशी येणारे परदेशस्थ मोरोक्कनही धरलेले आहेत. तरीही आकडा लहान नव्हे. हे प्रवासी वाळवंट पाहतात, जुनी शहरे पाहतात आणि परतताना चामड्याची पिशवी, गालिचा, तांब्याची किटली घेऊन जातात. आपल्या वाचकांत दुकानदार व कारागीर पुष्कळ आहेत. त्यांनी हा मुलूख पाहावयाचा ठरवला, तर एक प्रश्न बरोबर घेऊन जावा : प्रवाशाने मोजलेल्या पैशातले कारागिराच्या हाती किती पडते, आणि मध्ये कोठे अडते?

बाजाराची जुनी मांडणी

फास शहराची स्थापना इसवी सन ७८९ मध्ये इद्रीस पहिला याने केली. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी यांनी येथे करवियीन मस्जिद उभारली, असे परंपरा सांगते. त्या कैरवानहून येऊन स्थायिक झालेल्या एका श्रीमंत कुटुंबातील होत्या, आणि वारशात आलेला पैसा त्यांनी या कामी लावला. ही मस्जिद व तिला लागून वाढलेले विद्यापीठ आजही जुन्या शहराच्या मध्यभागी आहे. तटबंदीच्या आतील या भागाला 'मदिना' म्हणतात. १९८१ साली युनेस्कोने तो जागतिक वारशाच्या यादीत घेतला. गल्ल्या नऊ हजारांवर आहेत असे सांगतात. काही गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. मोटार शिरतच नाही. सिमेंटच्या गोण्यांपासून थंड पेयांच्या बाटल्यांपर्यंत सगळा माल गाढव व खेचरांवर येतो. मागून 'बालाक!' अशी आरोळी आली की बाजूला व्हावे. पहिल्या दिवशी हा एक शब्द शिकला तरी पुरे.

परक्या माणसाला ही गल्ल्यांची गुंतागुंत गोंधळाची वाटते. व्यापाऱ्याला तीत हिशेब दिसेल. करवियीनच्या भिंतीला लागून सुगंध व मसाल्यांचा 'सूक अल-अत्तारीन' आहे. आपल्याकडील अत्तार या आडनावाचा धंदा तेथे गल्लीच्या नावात आहे. थोडे पुढे सुतारांचा चौक 'नज्जारीन' आणि तांबटांचा चौक 'सफ्फारीन'. ज्या धंद्याला पाणी हवे व ज्याची घाण होते, तो नदीकाठी उताराला ठेवला : रंगारी आणि कातडी कमावणारे. स्वच्छ, महाग आणि हलका माल मस्जिदीजवळ. ओला, जड आणि वासाचा माल दूर. नगररचनेचा नकाशा कागदावर काढण्याच्या कितीतरी आधीची ही व्यवस्था आहे, आणि ती अजून चालू आहे.

प्रत्येक धंद्याचा एक 'अमीन' असे. मालाचा दर्जा, उस्ताद व शागीर्द यांचे तंटे तो पाही. त्याच्यावर बाजाराचा 'मुहतसिब', जो वजन-मापे व भाव तपासी. बाहेरगावचा व्यापारी माल घेऊन 'फुंदुक'मध्ये उतरे. खाली चौकात जनावरे व गाठोडी, वर माडीवर खोल्या, असा हा आपल्या सरायांसारखाच प्रकार. नज्जारीन चौकातील अठराव्या शतकातील फुंदुक दुरुस्त करून १९९८ पासून तेथे लाकडी कामाचे संग्रहालय केले आहे. सुतारकाम करणाऱ्या वाचकाने तिकिटाचे पैसे मोजून तेथे अर्धा दिवस काढावा. देवदारी दरवाजे, वाद्ये, आणि मुख्य म्हणजे हत्यारे पाहावयास मिळतात.

माडीवरून दिसणारी कुंडे

फासचे सर्वांत जास्त छायाचित्रित ठिकाण म्हणजे 'शुवारा' हा कातडी कमावण्याचा कारखाना. मधमाशीच्या पोळ्यासारखी दगडी कुंडे, त्यांत मांड्यांपर्यंत उतरलेले कामगार. बकरी, मेंढी, गाय आणि उंट यांची कातडी आधी चुना व कबुतराची विष्ठा मिसळलेल्या पाण्यात भिजवतात. चुन्याने केस सुटतात, विष्ठेने कातडे मऊ पडते. मग ती रंगाच्या कुंडांत जाते. आपल्याकडे या धंद्याची माहिती असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते निराळ्या गोष्टीचे.

ही कुंडे पाहण्याची सोय सभोवतीच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवर आहे. दारात पुदिन्याची काडी हाती देतात, वास सहन व्हावा म्हणून. वर नेऊन माहिती देतात, आणि उतरण्याची वाट पिशव्या व जाकिटे यांच्या मधून जाते. देखावा कामगाराच्या कष्टाचा, गिऱ्हाईक मात्र गच्चीच्या मालकाचे. त्यातही पाहुण्याबरोबर वाटाड्या आला असेल, तर त्याची दलाली किमतीत मिळवलेली असते. वाटाड्या नसताना तीच पिशवी स्वस्तात मिळते, हे प्रवाशाला क्वचितच कळते. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. त्याने दलाली नाकारली तर वाटाड्या उद्या शेजारच्या गच्चीवर जाईल.

गच्चीवर सांगितलेली एक गोष्ट तपासून पाहावी. पिवळा रंग केशराचा आहे, असे तेथे सर्रास सांगतात. केशराचा तोळ्याचा भाव ज्याला माहीत आहे, त्याने मेंढीच्या कातड्याचे कुंड केशराने भरल्याची कल्पना करून पाहावी. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल वापरण्याची जुनी रीत आहे, आणि आज पुष्कळसे रंग रासायनिक आहेत. माल त्यामुळे वाईट ठरत नाही. परंतु केशराचे पैसे देऊ नयेत.

'दलाल' हा आपला शब्द मूळ अरबी आहे, आणि मोरोक्कोत तो अजून मूळ धंद्यासह जिवंत आहे. मराकश शहरात दुपार कलली की गालिच्यांचा लिलाव होतो. दलाल गालिचा खांद्यावर टाकून दुकानांपुढून फिरतो, आलेला भाव ओरडून सांगतो, पुढचा दुकानदार तो चढवतो. डोंगरातील अमाजीग (बर्बर) स्त्रियांनी विणलेला माल अशा रीतीने शहरात शिरतो. म्हणजे विणणारी, गावच्या आठवडी बाजारातील खरेदीदार, दलाल, घाऊक व्यापारी, दुकानदार आणि शेवटी वाटाड्या, एवढे हात झाल्यावर गालिचा प्रवाशाच्या पुढ्यात उलगडतो. वरून पुदिन्याचा चहा फुकट. विणणारीला मिळालेली रक्कम या साखळीतील सर्वांत पहिली असते, आणि बहुधा सर्वांत लहान.

पालथी नक्षी

कारागीर वाचकांसाठी फासमधील खरी शाळा म्हणजे 'झेलीज', रंगीत मातीच्या तुकड्यांची भौमितिक जडणघडण. फासच्या मातीच्या फरशा भाजून, रंगीत काच चढवून तयार होतात. मग कामगार मांडी घालून बसतो आणि धारदार वजनदार हातोडीने एकेक फरशी ठोकून तारा, बदाम, षट्कोन असे तुकडे काढतो. यंत्र नाही, साचा नाही. नंतर दुसरा उस्ताद हे तुकडे जमिनीवर मांडतो, आणि ते पालथे मांडतो. रंगाची बाजू खाली, मातीची वर. म्हणजे शेकडो तुकड्यांची नक्षी तो रंग न पाहता, आठवणीने जुळवतो. वर गच्च्याचा थर ओततात, तो सुकला की सगळे उलटतात, आणि मगच चूक झाली की नाही हे कळते. अशा माणसाला तेथे 'मअल्लम' म्हणतात. आपल्याकडे मुअल्लिम मकतबात मुले शिकवतो, तेथे हातोडी धरणाऱ्यालाही तीच पदवी आहे.

कुंभार व झेलीजवाले आता मदिनेबाहेर 'ऐन नोकबी' येथे एकत्र आहेत. तेथे काम पाहता येते आणि माल बनवणाऱ्याच्या दारातच विकत घेता येतो. सफ्फारीन चौकातील तांबटांचेही तसेच. दिवसभर ठोक्यांचा आवाज चालू असतो, पुण्याच्या तांबट आळीची आठवण यावी असा. लग्नाच्या मोठ्या हंड्या तेथे भाड्याने देतात. विक्री मंदावली तरी भाडे येत राहते, ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वाळवंटाची वाट

फासहून सहाराच्या कडेवरील मर्झूगा गावापर्यंत सुमारे ४७० किलोमीटर रस्ता आहे. पूर्ण दिवस जातो. वाटेत देवदाराचे जंगल, हिवाळ्यात बर्फ, मग ॲटलस पर्वत ओलांडला की उजाड पठार, आणि झीझ नदीच्या खोऱ्यात एकाएकी खजुरांची हिरवी पट्टी. पर्यटक गाडीतून उतरतात ते वाळूच्या टेकड्या आल्यावर. व्यापाऱ्याने त्याआधीच, ताफिलालतच्या खजूरबनात, उतरावे.

रमजानात मुंबईच्या बाजारात 'मेजूल' नावाचा मोठा, मऊ खजूर चढ्या भावाने विकला जातो. पेटीवर निरनिराळ्या देशांची नावे असतात. या जातीचे मूळ घर ताफिलालतचा हा मुलूख. विसाव्या शतकात 'बायूद' नावाच्या बुरशीने मोरोक्कोतील खजुराची झाडे लाखोंनी मेली. १९२७ साली वॉल्टर स्विंगल या अमेरिकन शास्त्रज्ञाने बूदनीब येथील निरोगी झाडाची ११ रोपे अमेरिकेत नेली. त्यांतील ९ जगली. अमेरिकेतील मेजूलच्या बागा त्या नऊ रोपांच्या वंशातल्या आहेत. झाड ज्याचे, बाजारपेठ त्याचीच असे नाही. मोरोक्कोने अलीकडे पुन्हा लागवड वाढवली आहे, आणि अर्फूद येथे ऑक्टोबरात खजुराचे मोठे प्रदर्शन भरते.

अर्फूदजवळ रस्त्याच्या कडेला मातीच्या उंचवट्यांची सरळ रांग दिसते. त्या 'खत्तारा' होत. डोंगराकडील भूजल उताराच्या भुयारातून शेतापर्यंत आणण्याची ही जुनी योजना. हे उंचवटे म्हणजे भुयार खणताना व साफ करताना काढलेल्या मातीचे ढीग. औरंगाबादकरांना (आता छत्रपती संभाजीनगर) हे ओळखीचे वाटेल. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खोदवलेली नहर याच जातीची. येथील पुष्कळ खत्तारा आज कोरड्या पडल्या आहेत.

अर्फूदचा आणखी एक धंदा आहे. येथील काळ्या दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे समुद्री प्राणी दगड होऊन बसले आहेत. तो कापून, घासून टेबले, कुंड्या, थाळ्या करतात. कारखाने उघडे असतात, पाहू देतात. सुटे 'ट्रायलोबाइट' घेताना मात्र जपून. राळ व दगडाचा भुगा ओतून केलेले नकली नमुने भरपूर आहेत. सगळे नमुने हुबेहूब सारखे दिसले किंवा पृष्ठावर बारीक बुडबुड्यांची छिद्रे दिसली, तर ते साच्यातून निघाले असे समजावे.

जवळच रिसानी गाव. तेथे रविवार, मंगळवार व गुरुवार असा आठवड्यातून तीनदा बाजार भरतो. एका आवारात गाढवे सोडलेली, दुसऱ्यात मेंढ्यांचे सौदे. गावाशेजारी मातीचे ढिगारे आहेत, ते सिजिलमासा शहराचे. सहारा ओलांडून जाणाऱ्या काफिल्यांचे हे उत्तरेकडील नाके होते. १३५२ साली तंजाचा इब्न बतूता येथून दक्षिणेस निघाला. पंचवीस दिवसांनी तो तगाझा या मिठाच्या खाणीवर पोचला. तेथील घरे व मस्जिद मिठाच्या लाद्यांची आणि छपरे उंटाच्या कातड्याची होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. तेथील मीठ दक्षिणेत जाई आणि बदल्यात सोने उत्तरेस येई. हाच इब्न बतूता त्याआधी दहा वर्षांपूर्वी आपल्या दौलताबादेस व नंदुरबारला येऊन गेला होता. नंदुरबारचे मराठे हस्तकौशल्यात तरबेज आहेत, अशी नोंद त्याने केली. ती ज्या प्रवासवर्णनात आहे, ते १३५५ साली फास येथे लिहून पूर्ण झाले.

आज काफिले नाहीत. अल्जीरिया व मोरोक्को यांची जमिनीवरील सरहद्द १९९४ पासून बंद आहे. मर्झूगा म्हणजे आता रस्त्याचा शेवट. पूर्वी मीठ वाहणारा उंट आज पाहुणा वाहतो, संध्याकाळी तासा-दीड तासाची फेरी, रात्री तंबू, पहाटे सूर्योदय. वाळूच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत आणि खरोखर सुंदर आहेत, त्याबद्दल अधिक काय लिहावे. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो, हिवाळ्यात रात्री गारठा पडतो. तंबूचे पैसे शहरातील दलालाकडे भरण्याऐवजी गावातील मालकाशी थेट ठरवावेत. उंटवाल्याला बक्षीस त्याच्याच हातात द्यावे.

घरे कोणाची?

मराकश शहराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात. 'कुतुबिया' मस्जिदीला तिच्याभोवती बसणाऱ्या पुस्तकविक्रेत्यांवरून नाव पडले. 'जामा अल-फना' चौकातील कथेकरी व गवई यांच्या परंपरेला युनेस्कोने २००१ मध्ये मान दिला. परंतु कारागिराच्या दृष्टीने मराकशमधील मोठा बदल घरांचा आहे. मध्ये चौक असलेली जुनी घरे, 'रियाद', १९९० नंतर युरोपियनांनी विकत घेऊन त्यांची पाहुणघरे केली. झेलीजवाले, गच्चीकाम करणारे, देवदाराचे सुतार यांना त्यामुळे वर्षानुवर्षे न मिळालेले काम मिळाले. त्याचबरोबर मदिनेतील जागेचे भाव चढले, आणि भाड्याने राहणारी कुटुंबे तटाबाहेर गेली. ज्या हातांनी घर सजवले ते त्या गल्लीत राहू शकत नाहीत.

प्रवाशावर सगळा बाजार उभा असला की काय होते, हे अलीकडेच दिसले. मार्च २०२० मध्ये सरहद्दी बंद झाल्या. नंतर उघडल्या, पुन्हा नोव्हेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ बंद राहिल्या. घरगुती गिऱ्हाइकासाठी चपला व जिलाबे शिवणाऱ्याचा गल्ला निदान अधूनमधून वाजत होता. केवळ पाहुण्यांसाठी दिवे व पिशव्या करणाऱ्याचा पूर्ण थांबला. पुढे ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात मराकशच्या दक्षिणेकडील डोंगरात सुमारे तीन हजार माणसे गेली. गालिचे विणणारी कितीतरी गावे त्याच पट्ट्यात होती.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

व्हिसा आगाऊ काढावा लागतो. मुंबईहून आखातात किंवा इस्तंबूलला विमान बदलून जाण्याची वाट नेहमीची. मोरोक्कोत बहुतेक मस्जिदींत गैरमुस्लिम पर्यटकांना प्रवेश नाही, कासाब्लांकाची हसन दुसरा मस्जिद हा ठळक अपवाद. करवियीनचे आतील अंगण इतर पर्यटक दारातून डोकावून पाहतात. आपण वुजू करून आत जाऊ शकता. तेथील लोक मालिकी आहेत, पुष्कळजण हात सोडून नमाज पढतात. कुरआनची किरात 'वर्श' पद्धतीची आणि लिपी मगरिबी वळणाची आहे. 'फे' अक्षराचा नुक्ता वर न देता खाली देतात. वाचताना अडखळला तर गोंधळू नये.

शुक्रवारी फासचा बाजार दुपारपासून जवळजवळ बंद असतो. खरेदी त्या दिवसावर ठेवू नये. आकडे तेथे युरोपियन पद्धतीने लिहितात, म्हणून पाट्या वाचता येतात. परंतु म्हातारे दुकानदार व जनावरांचे व्यापारी तोंडी भाव 'रियाल'मध्ये सांगतात. वीस रियालांचा एक दिरहम. दोन हजार ऐकून घाबरू नये, ते शंभर दिरहम असतात. परवानाधारक वाटाड्याजवळ सरकारी ओळखपत्र असते. त्याला दिवसाची मजुरी ठरवून द्यावी आणि 'दुकाने दाखवू नका' असे आधीच सांगावे.

घासाघीस करण्यापूर्वी सरकारी 'आन्सांब्ल आर्तिझनाल'मध्ये एक फेरी मारावी. तेथे भाव ठरलेले असतात आणि बरेच कारागीर तेथेच काम करतात. त्या भावाचा अंदाज घेऊन मगच गल्लीत शिरावे. 'कॅक्टसचे रेशीम' म्हणून चमकदार कापड दाखवतील. ते बहुधा व्हिस्कोस असते, एक धागा जाळून पाहिला की कागदासारखा जळून मऊ राख होते. आर्गन तेलाच्या दुकानावर 'सहकारी संस्था' अशी पाटी पाहून लगेच विश्वास ठेवू नये. आत बी फोडणाऱ्या स्त्रिया किती, त्या सभासद आहेत की रोजंदारीवर, हे विचारावे. चामड्याची पिशवी घेताना आतील शिवण आणि वास दोन्ही पाहावेत. नीट न कमावलेले कातडे आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते.

दिरहम देशाबाहेर फारसे नेता येत नाहीत आणि आपल्याकडे बदलूनही मिळत नाहीत. पैसे थोडे थोडे बदलावेत व बँकेची पावती जपून ठेवावी. उरलेले परत करताना विमानतळावर तीच मागतात.